सगळ्यांचा भौ

आमच्या नागपुरात भाऊ म्हणण्याइतका वेळ कुणाला नाही. त्याचं भौ करून टाकलं आहे, आणि शब्द एकदा आखूड झाला की तो कुठेही खुपसता येतो. रिक्षावाला भौ, कंडक्टर भौ, वांगी तोलताना काट्याला हळूच बोट लावणारा तोही भौ. रस्त्यात सायकली आडव्या घालून दोघे भांडतात, तेसुद्धा पहिल्या शिवीच्या आधी एकमेकांना भौ म्हणून घेतात. ऊन फार झालं की "काय तपते न भौ!" आणि सिनेमा आवडला की "काय पिक्चर आहे न भौ!"

लग्न होऊन मी नाशिकहून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचे हे, म्हणजे रवींद्र, ताटावर बसून म्हणाले, "मीठ जास्त झालं न भौ." मी दचकून मागे पाहिलं. स्वयंपाकघरात कोण पुरुष शिरला? कुणी नव्हतं. मलाच म्हणत होते. आमच्या गोपीला, ती अजून रांगते, या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे, आणि तो चार पायांचा. मला तोच सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

बायकांचं मात्र वेगळं आहे. पुरुष हा शब्द उधळतात, बायका तो जपून काढतात. बसमध्ये कुणाचं कोपर नको तिथे यायला लागलं की "भौ, सरका जरा" म्हणायचं. दुकानदार कापड दाखवताना कापडाऐवजी आपल्याकडेच बघायला लागला की "भौ, दुसरा रंग दाखवा." कुंपण आहे ते. तारेचं नाही, सुताचं, पण पुष्कळ जण त्याच्याशीही थबकतात. भौ म्हटल्यावर माणसाला थोडं तरी भावासारखं वागावं लागतं, एवढ्याच भरवशावर या गावातल्या बायका घराबाहेर पडतात.

जयवंतानेही तेच केलं होतं.

जयवंता आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. गांधीबागेच्या मागे आमची गल्ली, एका ओळीत एकेका खोलीची घरं. तिचा नवरा रामाजी बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचा. उन्हाळ्यात काविळीने गेला. तेव्हा तिच्या पोटात पाचवा महिना होता. रडायला तिला फारशी फुरसत मिळाली नाही. बाजारातल्या एका व्यापाऱ्याचे परकर शिवून द्यायची ती, आणि रामाजीने घेऊन दिलेली शिलाई मशीन हाच तिचा संसार होता. दुपारी मी गोपीला निजवायची तेव्हा भिंतीपलीकडून त्या मशीनचा आवाज यायचा. अंगाई मी गायची, ताल ती द्यायची. मशीन थांबली की पोरगी डोळे उघडायची, इतकी तिला सवय झाली होती.

रामाजी गेल्यावर तेराव्याला बाबाराव आला. धोतर नाही, पँट; खांद्यावर टॉवेल; मागे चार माणसं. बाबाराव म्हणजे आमच्या गल्लीचा भौ. बाकीचे भौ येतात-जातात, हा कायमचा. कोपऱ्यावर त्याचा पानठेला आहे, पण पान दुसराच लावतो. बाबाराव समोरच्या बाकावर बसून लोकांच्या भानगडी सोडवतो. नसल्या तर लावून देतो आणि मग सोडवतो. घरमालक धरमपेठेत राहतो, त्याला या गल्लीचा वास सोसत नाही, म्हणून भाडंही बाबारावच गोळा करतो. येता-जाता माणसं त्याला "नमस्कार भौ" म्हणतात आणि तो मान इतकी थोडी हलवतो की डुलकी लागली असावी असं वाटतं.

जयवंताने डोक्यावर पदर घेतला आणि त्याला म्हणाली, "भौ, आता तुमचाच आधार हाय."

तिने शब्द नीट निवडला होता. चोवीस वर्षांची एकटी बाई, समोर गल्लीचा मालक. तिने कुंपण घातलं. बाबारावने मात्र त्याचा हारच करून घेतला. "मी भौ आहे न तुहा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तू काहून फिकर करतं?"

श्रावणात ती बाळंतपणाला आईकडे उमरेडला गेली. जाताना खोलीला कुलूप लावलं आणि तरीही, भोळी, कोपऱ्यावर जाऊन सांगून गेली, "भौ, खोलीकडे लक्ष ठेवा जरा."

भौंनी लक्ष ठेवलं. दसऱ्यानंतर ती दीड महिन्याचं पोर कुशीत घेऊन परतली, तर दारावर तिचं कुलूप नव्हतं. दुसरंच होतं, पितळेचं, मोठं, आणि वर निळ्या अक्षरांची पाटी, "जनसेवा कार्यालय". महानगरपालिकेची निवडणूक येणार अशी कुणकुण होती. जनसेवेला जागा लागते.

मी तिला आत घेतलं. आमचीही एकच खोली, पण दोन लेकरं एका दुपट्यावर मावतात. तिच्या मुलाला आम्ही बारक्या म्हणायला लागलो. त्याच्या मुठी सतत मिटलेल्या, जणू कुणीतरी काहीतरी हिसकावून घेईल. गोपी रांगत त्याच्याजवळ जायची आणि एकेक बोट उघडून आत काय आहे ते बघायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पानठेल्यावर गेलो. बारक्या तिच्या खांद्यावर, गोपी माझ्या कडेवर.

"भौ, माह्या खोलीची चाबी द्या न."

"अरे, जयवंता! कधी आली वं? पोरगं बापावर गेलं पाह्य."

"चाबी, भौ."

"देतो न. रिकामी खोली पाहून कोणी घुसलं असतं, म्हणून तर मी ताला ठोकला. भौवर भरोसा नाही काय?"

"भरोसा हाय. पण मशीन अंदर हाय."

"मशीन काय पळून जाऊन राहिली?" बाकावरची माणसं हसली. हसणं हेच त्यांचं काम होतं, त्यावर त्यांना पान मिळायचं. "दिवाळी होऊ दे, मग पाहू."

मी म्हटलं, "तिच्या पोटाचं काय, तोपर्यंत? ते दिवाळीला थांबणार आहे का?"

बाबारावने माझ्याकडे बघितलं नाही. तो नेहमी बाईला उत्तर देताना तिच्या नवऱ्याचं नाव घेतो. "रवींद्रले सांगजा," तो म्हणाला, "घरचं भांडण आहे, मधात पडू नको म्हणा."

आता यात भांडण कुठे होतं? आणि घर तरी कुठे होतं? पण हा त्या शब्दाचा मोठा सोयीचा उपयोग आहे. चोर म्हणावं तर तो भाऊ. त्याने खोली घेतली नाही, राखली. कुलूप घातलं ते बहिणीच्या काळजीने. तिने चावी मागितली की ती भावावर अविश्वास दाखवते. पितळेचं कुलूप दारावर दिसत होतं, खरं कुलूप तिच्या तोंडाला घातलं होतं, आणि त्याची चावी तिनेच आपल्या हाताने त्याला दिली होती.

ह्यांना सांगितलं. हे ऑफिसातून येऊन पाय धुत होते.

"तू त्यात पडू नको," हे म्हणाले. "आपला भौ आहे तो."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मग सगळ्यांच्या खोल्यांना कुलूप लावू दे."

"चौकीतला हवालदारही त्याले भौच म्हणते," हे हळू आवाजात म्हणाले आणि टॉवेलात तोंड पुसत राहिले. तोंड पुसून केव्हाच झालं होतं. माणूस वाईट नाही माझा. फक्त कोपऱ्यावरून जाताना त्यांची मान आपोआप वाकते, आणि मला वाटतं ते त्यांना ठाऊकही नसावं.

व्यापाऱ्याने दिवाळीचे परकर दुसरीकडे दिले. जयवंता हाताने टाके घालायला बसली. हाताने किती होणार? मशीनचा आवाज नाही म्हणून दुपारी गोपी निजेना, आणि जयवंताला दूध कमी येतं म्हणून बारक्या निजेना. दोघं मिळून गल्ली डोक्यावर घ्यायची. समोरच्या रंभाबाई दारातून ओरडायच्या, "काय झालं वं पोट्ट्याइले? त्या भौच्या दारात नेऊन बसवा दोघाइले, म्हणजे त्याले जनसेवा समजन." रंभाबाई भाजी विकतात. त्यांचं वय झालं आहे आणि नवरा, मुलगे, घरमालक, कुणाचीच भीती शिल्लक राहिलेली नाही.

दिवाळीच्या तोंडावर गल्लीत सायकलरिक्षा आली. वर भोंगा बांधलेला, आत एक जाड माणूस माइक तोंडात धरल्यासारखा धरून बसलेला. "माताभगिनींनो! आपल्या सर्वांचे लाडके भौ, बाबारावभौ, यांची सार्वजनिक भाऊबीज! ज्या बहिणीले भाऊ नाही, तिचा भाऊ बाबाराव! ज्या बहिणीचा भाऊ दूर, तिचा भाऊ बाबाराव! मैदानात संध्याकाळी! सगळ्या बहिणींनी ओवाळायला यावे!" इथवर लिहून दिलेलं असावं. पण रिक्षा वळणावर अडकली, माणसं गोळा झाली, आणि त्या माणसाला उत्साह आवरेना. "आणि बहिणींनो, मागाल ती ओवाळणी! भौ नाही म्हणणार नाहीत! मागाल ती ओवाळणी!"

जयवंता परकराला नेफा घालत होती. तिची सुई थांबली.

"ताई," ती म्हणाली, "मले भाऊ नाही. मी लहानपणापासून चंद्रालेच ओवाळतो."

"माहीत आहे गं."

"चंद्र काही देत नाही. घेऊनही जात नाही." तिने दोरा दाताने तोडला. "औंदा मी भौले ओवाळतो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मैदानात मांडव, पताका, गॅसबत्त्या. मध्ये उंच चौथरा, त्यावर रांगोळी, रांगोळीत पाट आणि पाटावर बाबाराव. रेशमी झब्बा, डोक्यावर टोपी, कपाळ इतकं पुढे काढलेलं की जणू ते आजच्यासाठी भाड्याने आणलं होतं. मागे त्याची बायको, अंजनाबाई, पोलक्यांच्या कापडांचा ढीग घेऊन उभी. एका बाजूला फोटोवाला. बाईने टिळा लावायचा, ओवाळायचं, फोटोवाला चमकवणार, अंजनाबाई कापडाचा तुकडा तबकात टाकणार, पुढची बाई. आमच्या आगीच्या बंबाखान्याच्या बाजूच्या गिरणीवर दळण असंच चालतं.

रांग मोठी होती. बायका चुकीच्या आशेने आल्या नव्हत्या. पोलक्याचं कापड मिळत होतं, त्या आल्या. एका तुकड्यासाठी दिव्याचं तेल जाळणं परवडतं. बाबारावला मात्र वाटत होतं, ही सगळी मतं चालत येत आहेत. प्रत्येकीच्या तोंडून भौ ऐकताना त्याचा चेहरा तुपासारखा वितळत होता.

जयवंताची पाळी आली. माझं जुनं हिरवं लुगडं नेसली होती, कपाळ मोकळं. बारक्याला तिने माझ्याकडे दिलं. माझ्या दोन्ही कडांवर दोन पोरं, म्हणून मी रांगेबाहेर चौथऱ्याला टेकून उभी होते. हे मागे कुठेतरी पुरुषांत होते.

बाबारावने तिला पाहिलं आणि चेहऱ्यावरचं तूप जरा थिजलं. बाजूच्या माणसाच्या कानात तो काही बोलला. तो माणूस पुढे आला. "बाई, तुम्ही नका. तुमचं आता... शुभ काम आहे."

जयवंता एक पाऊल मागे सरली, ज्योत हलली. मला वाटलं, झालं, वळेल ती आता. हे एक हत्यार आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मागून रंभाबाईंचा आवाज आला. त्याही कापडासाठी रांगेत होत्या. "काहून गा? भावाले बहीण रांड असते काय? माह्या भावाले मी वीस वर्षं ओवाळून राहिली, हे पांढरं कपाळ घेऊन. त्यानं तर कधी तोंड नाही फिरवलं. सख्खा होता म्हणून असन!"

बायकांत खसखस पिकली. "सख्खा नाही वाटते हा," कोणीतरी म्हणालं.

"बोल न बाबाराव," रंभाबाई म्हणाल्या, "भौ आहेस का नाहीस? नसशील तर हे पोरगी घरी जाते, अन् आम्हीही जातो."

फोटोवाला, मांडव, भोंगा, सगळे उत्तराची वाट बघत होते. बाबाराव हसला. दुसरं काय करणार? "अरे, माह्यी लाडाची बहीण आहे ते! येऊ द्या, येऊ द्या."

ती पाटासमोर उभी राहिली. टिळा लावला. अक्षता लावल्या. सुपारी ओवाळली, मग दिवा ओवाळला. सगळं इतकं नीट केलं की मला भरून आलं; जन्मात कधी भावाला ओवाळायला न मिळालेली मुलगी, आणि पहिला भाऊ हा. चमक झाली. अंजनाबाईंनी कापडाचा तुकडा पुढे केला. जयवंताने तबक मागे घेतलं.

"हे नको भौ. भोंग्यावर सांगितलं होतं, मागाल ते."

"हो न. माग न. साडी पाहिजे काय?"

"माह्या खोलीची चाबी द्या."

तिने आवाज चढवला नाही. पण भोंग्याचा माणूस हौसेने माइक जवळ धरून बसला होता, त्यामुळे ते चार शब्द मैदानाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेले.

"उद्या ये," बाबाराव दातांतून म्हणाला. "उद्या देतो."

"ओवाळणी उद्या नसते भौ."

"आता इथं कुठं चाबी..."

"मी थांबतो. दिव्यात तेल हाय."

आणि ती थांबली. तबक हातात, ज्योत त्याच्या टोपीसमोर. ओवाळणी पडल्याशिवाय बहीण तबक हटवत नाही, आणि बहीण समोर असताना भाऊ पाटावरून उठत नाही. हे त्याला शिकवायची गरज नव्हती, त्याला बहिणी होत्या. मागे रांग खोळंबली. बायका घाई करतील असं मला वाटलं होतं. एकीनेही केली नाही. सगळ्या आपापल्या ज्योतीवर हाताचा आडोसा धरून आरामात उभ्या राहिल्या, जणू बाजाराचा दिवस आहे आणि भाव अजून उतरायचा आहे.

"भौ, द्या न," पहिली म्हणाली.

"बहीण मागून राहिली भौ," दुसरी.

मग सगळ्या. भौ, भौ, भौ. वर्षभर ज्या शब्दावर तो झोके घेत होता, त्याच शब्दाने त्याला पाटावर खिळून टाकलं होतं. घामाने टिळ्याचं कुंकू नाकावर उतरलं.

हालचाल त्याने नाही, अंजनाबाईंनी केली. वर्षानुवर्षं ती बाई त्याच्या मागे उभी राहायची, तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने कमरेचा जुडगा सोडला, त्यातली पितळी चावी नखाने ओढून काढली आणि तबकात टाकली. खण्ण आवाज झाला.

"घ्या नणंदबाई," ती म्हणाली. "माह्या नशिबात आणखी एक नणंद."

बायका एवढ्या हसल्या की काही दिवे विझले.

बाबाराव उठला आणि त्याने माइक हिसकावला. मला वाटलं, चिडेल. छे. त्या लोकांना चिडणं परवडत नाही. "पाहा!" तो गरजला, "भौनं बहिणीले घर दिलं! स्वतःच्या कार्यालयाची जागा दिली! मागाल ती ओवाळणी म्हटलं होतं, भौ शब्दाचा पक्का आहे!" पुरुषांकडून टाळ्यांचा पाऊस आला. तिची खोली तिला दिली आणि दाता झाला. मागे टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे हे होते. मी वळून नुसतं बघितलं. त्यांचे हात हवेतच राहिले, मग त्यांनी पुढे होऊन माझ्याकडून गोपीला घेतलं. तेवढं तरी.

आम्ही तशाच खोलीकडे गेलो. कुलूप उघडलं. आत खुर्च्यांची चळत, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, पोस्टरं चिकटवायच्या खळीच्या बादल्या. मशीन कोपऱ्यात होती, तिच्यावर मांजरपाटाच्या प्रचारफलकांचा गठ्ठा. ह्यांनी न सांगता खुर्च्या उचलून बाहेर गटाराच्या काठी मांडल्या. रंभाबाई खराटा घेऊन आल्या.

जयवंता रडली नाही. तिने मशीन पदराने पुसली, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं, तेल घातलं. मग एक फलक उलगडून खाली अंथरला. लांबलचक पांढरं कापड, त्यावर लाल अक्षरं, "आपले लाडके भौ बाबारावभौ".

"हे परत करायचं काय ताई?" तिने विचारलं.

"त्याने मागितलं तर."

तिने अंगठा आणि बोटात कापड चोळून पाहिलं, कापडबाजारातली माणसं पाहतात तसं. "पातळ हाय. पण मऊ हाय." आणि कात्री घेतली.

मशीन सुरू झाली. गोपी ह्यांच्या खांद्यावर होती, तिची मान पहिल्याच फेऱ्यात कलंडली.

सकाळी गल्लीवरून समोर रंभाबाईंच्या दारापर्यंत बांधलेल्या दोरीवर लंगोट वाळत होते, ओळीने. कुणावर "लाड", कुणावर "राव", कुणावर नुसती एक मात्रा. दोन गोपीच्या वाट्याला आले. बाबाराव स्कूटरवरून त्यांच्याखालून गेला तेव्हा बारक्याचा एक अजून ठिबकत होता. कापड खरंच मऊ निघालं. रंग मात्र पक्का आहे, कितीही धुतला तरी जात नाही.